ओ-३२० चा एक्झॉस्ट स्वतः बनवताय? आधी पाइपला हलायला जागा द्या

विचारलंय ते थोडक्यात असं: घरी बांधत असलेल्या दोन सीटच्या विमानावर १६० एचपीचं लाइकमिंग ओ-३२० इंजिन बसवलंय, एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारे पाइप) तयार न घेता स्वतः वेल्ड करायचाय, तर चार सुटे पाइप सोडू की क्रॉसओव्हर (उजव्या-डाव्या सिलिंडरचे पाइप जोडून) करू, लांबी किती धरली म्हणजे जास्त एचपी मिळेल, ३०४ स्टेनलेसचे पाइप आधीच घेऊन ठेवलेत ते चालतील का, आणि केबिन हीटचं काय करायचं.

प्रश्न सगळे रास्त आहेत, पण एचपी पहिल्या नंबरला आणि केबिन हीट शेवटी हा क्रम मी बदलणार. एवढी वर्षं मी हे पाइप उतरवतोय, चिरा शोधतोय, नवे बनवून बसवतोय, आणि एचपी कमी पडला म्हणून एक्झॉस्ट घेऊन आलेला माणूस मला क्वचितच भेटलाय. येतात ते तडा गेला म्हणून, नाहीतर काउलिंगचा (इंजिनवरच्या झाकणाचा) आतला रंग करपला म्हणून, नाहीतर "हीटर लावला की डोकं दुखतं" म्हणून. त्यामुळे डिझाइन करताना पहिला प्रश्न एकच, हा पाइप तापल्यावर कुठे जाणार?

साधा हिशोब करा. क्रूझला फ्लँजजवळ (पाइप सिलिंडरला बोल्टने जोडतो ती पट्टी) ईजीटी, म्हणजे धुराचं तापमान, साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअस असते. पाइपचा पत्रा त्याहून थंड असतो तरी थंड इंजिनपासून धरलं तर ६०० अंशांच्या वर फरक सहज पडतो. स्टेनलेस मीटरला दर अंशामागे साधारण १८ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ६०० मिमी लांबीचा पाइप ६५० अंशांनी तापला की जवळपास ७ मिमी लांब होतो. आता क्रॉसओव्हर डोळ्यासमोर आणा, उजव्या सिलिंडरपासून इंजिनखालून डाव्या सिलिंडरपर्यंत जाणारा पाइप. पाइप ७ मिमी वाढला पण दोन्ही पोर्टमधलं अंतर तेवढं वाढत नाही कारण क्रँककेस आणि सिलिंडर हेड त्याच्या मानाने थंडच असतात, मग उरलेले पाच-सहा मिमी जाणार कुठे? जागा दिली नसेल तर ते फ्लँजच्या वेल्डमध्येच जातात. प्रत्येक फ्लाइटला एकदा तो वेल्ड वाकतो आणि सरळ होतो, आणि एक दिवस वेल्डच्या कडेला, बरोबर जिथे वितळलेला भाग संपून मूळचा पत्रा सुरू होतो तिथे, केसासारखी चीर दिसते. वेल्ड कितीही देखणा घातलेला असो, ती चीर येतेच.

म्हणून लांब पाइपमध्ये स्लिप जॉइंट किंवा बॉल जॉइंट हवाच. स्लिप जॉइंट म्हणजे एका पाइपमध्ये दुसरा सरकणारा, आणि इंजिनकडून येणारा पाइप नेहमी आत, पुढचा बाहेर, म्हणजे वायूला फटीकडे वळायला कारण मिळत नाही. मी निदान ४० मिमी ओव्हरलॅप ठेवतो आणि थंड असताना हाताने फिरवता आला पाहिजे इतका ढिला ठेवतो. थंड इंजिनला तिथून थोडं फुसफुसणार, तापलं की बसतो. अडकलेला स्लिप जॉइंट हा जॉइंट नसल्यासारखाच, म्हणून दर इन्स्पेक्शनला तो हलतो का बघायचं आणि जोडताना निकेलवालं अँटी-सीझ लावायचं. बॉल जॉइंटला बोल्टवर स्प्रिंग असते, ती स्प्रिंग पूर्ण दाबून टाकू नका. मी असे कितीतरी बघितलेत जिथे गळती थांबवायला कुणीतरी नट पार शेवटपर्यंत आवळलेले, सहा महिन्यांत शेजारचा पाइप गेला.

दुसरी हालचाल इंजिनची. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं आहे, सुरू होताना आणि बंद होताना ते कसं झटके खातं ते काउलिंग काढून एकदा बघाच, टेलपाइपचं (धूर शेवटी बाहेर सोडणाऱ्या पाइपचं) टोक चांगलं सेंटीमीटरभर इकडेतिकडे जातं. म्हणून नियम एकच, टेलपाइप इंजिनला टांगायचा, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) किंवा फ्यूसलाजला (विमानाच्या धडाला) कधीच नाही. माझ्याकडे एकदा आलेल्या विमानात टेलपाइपला पातळ पट्टीने फायरवॉलच्या खालच्या कडेला बांधलेलं होतं, का तर तो थरथरतो म्हणून. थरथर गेली होती खरी, पण कलेक्टरच्या (पाइप एकत्र येतात त्या भागाच्या) तोंडाशी चीर अर्ध्याहून जास्त फिरली होती, मी हाताने टेलपाइप उचलला तेव्हा ती फट ओठ उघडावेत तशी उघडली आणि तिच्या बरोबर समोर, चार बोटांवर, फ्युएल होज होती. होजवरचं फायरस्लीव्ह, म्हणजे आगीपासून वाचवणारं आवरण, एका बाजूने तपकिरी झालेलं. अजून किती तास गेले असते कोण जाणे. हँगर करायचा तर सम्पच्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या) बोल्टपासून दोन छोट्या नळ्या, मध्ये जाड रबरी होजचा तुकडा आणि दोन क्लँप, इतकंच. रबर थोडी हालचाल खातं आणि टेलपाइप हवेत लोंबकळत पण नाही.

आता क्रॉसओव्हर की सुटे. लाइकमिंगमध्ये पुढचा उजवा १, पुढचा डावा २, मागचा उजवा ३, मागचा डावा ४, आणि फायरिंग ऑर्डर १-३-२-४. क्रँकशाफ्ट दर १८० अंश फिरला की एक सिलिंडर फायर होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र १८० पेक्षा बराच जास्त, साधारण अडीचशे अंशांच्या आसपास उघडा असतो. आता सोपं पडतं म्हणून उजव्या बाजूचे १ आणि ३ एका पाइपात जोडले की काय होतं बघा, १ चा व्हॉल्व्ह अजून बंद व्हायचाय, इनटेकही उघडायला लागलाय, आणि त्याच वेळी ३ चा व्हॉल्व्ह उघडून पहिला जोरदार फटका त्याच पाइपात येतो. तो धक्का १ च्या तोंडावर. डावीकडे हेच ४ मुळे २ ला भोगावं लागतं. म्हणजे पुढच्या दोन सिलिंडरचं नुकसान, आणि ते समान नसल्यामुळे चारही सिलिंडरची मिक्स्चर आणि ईजीटी जुळवताना डोकं फिरतं. क्रॉसओव्हरमध्ये १-२ आणि ३-४ अशी जोडी लावतात, दोघांत बरोबर ३६० अंशांचं अंतर, एकाचं काम पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याचं सुरू होतं. एवढ्यासाठीच क्रॉसओव्हर. चार-इन-एक पण छान चालतो, कलेक्टरमध्ये चारही पल्स समान अंतराने येतात आणि एकमेकांना ओढतात, पण ओ-३२० च्या सम्पखाली चार पाइप जवळपास सारख्या लांबीचे वळवून एका जागी आणणं हे पहिल्याच एक्झॉस्टला करायचं काम नाही, हे मी मनापासून सांगतो. चार सुटे आखूड पाइप सगळ्यात हलके आणि सोपे, एकमेकांच्या मध्ये येत नाहीत, पण आवाज भयंकर, आणि चार ठिकाणांहून निघालेला धूर फ्यूसलाजला चिकटून मागे जातो. तुमच्या विमानाला मी क्रॉसओव्हरच सुचवेन.

लांबीचं. ट्यून्ड लांबी हा शब्द गाड्यांच्या रेसिंगमधून येतो आणि तिथे तो खरा आहे. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपाच्या उघड्या टोकापर्यंत जाते आणि उलटी होऊन, म्हणजे ओढ बनून, परत येते. ती ओव्हरलॅपच्या, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या, वेळी पोहोचली तर सिलिंडर साफ होतो. पण ओ-३२० फिरतं २७०० ला. रेसिंगवाल्यांचं नेहमीचं सूत्र २७०० आरपीएम घालून सोडवलं की सिलिंडरमधून निघणारा प्रत्येक प्रायमरी पाइप जवळपास १.९ मीटर येतो. एकेक! काउलिंगमध्ये तुम्हाला मिळणार अर्धा-पाऊण मीटर. त्यामुळे ट्यूनिंगसाठी पाच सेंटीमीटर इकडे की तिकडे यावर रात्री घालवू नका. टू-स्ट्रोकची गोष्ट अगदी वेगळी, रोटॅक्स ५८२ सारख्या इंजिनला एक्सपान्शन चेंबर हा इंजिनचाच भाग आहे, तिथे लांबीला हात लावला की पॉवर गेली. तुमच्याकडे मात्र जोडी बरोबर लावा, बाक मोठ्या त्रिज्येचे घ्या, पोर्टच्या तोंडाशी गॅस्केट किंवा पाइपची कड आत डोकावत नाही ना बघा, आणि व्यास पाऊणेदोन इंच म्हणजे साधारण ४४ मिमी ठेवा, ओ-३२० आणि ओ-३६० ला हाच सर्रास चालतो. जाडी ०.०३५ किंवा ०.०४९ इंच. पातळ घेतला तर वजन वाचतं, पण पहिल्यांदा वेल्ड करणाऱ्याने जाड घ्यावा, मीटरमागे साधारण चारशे ग्रॅम वजन वाढेल पण भोकं कमी पडतील.

३०४ बद्दल. उत्तर नाही असंच देईन, पाइप पडून असले तरी. ३०४ साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमेवर बसतो, सीमेजवळचं क्रोमियम कमी होतं, आणि तिथून गंज आणि ठिसूळपणा सुरू होतो. आपला एक्झॉस्ट आयुष्यभर नेमका त्याच पट्ट्यात राहतो! ३२१ मध्ये टायटेनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं, म्हणून विमानात ३२१ चालतं. टर्बो असेल तर इनकोनेल (निकेलचा मिश्रधातू), तिथे टर्बाइनच्या तोंडाशी तापमानाची मर्यादा बऱ्याच इंजिनांत ९०० अंशांपर्यंत जाते. ३२१ ला फिलर मात्र ३४७ चा घ्यायचा, दुकानदार ३२१ चीच तार मागू नका म्हणाला तर तो बरोबर सांगतोय, टायटेनियम आर्कमधून नीट पलीकडे जात नाही, ३४७ मधलं नायोबियम जातं.

आणि वेल्डिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसत नाही. टिग (आर्गॉनच्या आवरणातलं वेल्डिंग) करताना पाइपच्या आत आर्गॉन भरलेला हवा. दोन्ही टोकं टेपने बंद करा, एका बाजूने बारीक आर्गॉन सोडा, दुसऱ्या बाजूला टाचणीएवढं भोक, आतली हवा बाहेर जाईपर्यंत थांबा, मग आर्क. हे केलं नाही तर बाहेरून वेल्ड सोनेरी-निळा सुंदर दिसेल आणि आतून काळा, खडबडीत, भाजलेल्या साखरेसारखा फुटलेला असेल, वेल्डर त्याला शुगरिंगच म्हणतात. ती प्रत्येक खडबडीत कडा म्हणजे चिरेची सुरुवात. एक नमुना तुकडा वेल्ड करा, करवतीने उभा कापा आणि आत बोट फिरवून बघा, बोटाला काही लागलं तर अजून सराव हवा.

मापं टाकताना शिसपेन्सिल वापरू नका. ऐकायला अंधश्रद्धा वाटते पण नाहीये, पेन्सिलीची खूण तापल्यावर धातूत शोषली जाते आणि त्या रेषेवरच तो ठिसूळ होतो. मी एका एक्झॉस्ट पाइपवर चीर बघितलीय जी सरळ रेषेत होती, चीर कधी पट्टीने आखल्यासारखी जात नाही, कुणीतरी कापायची खूण करून मग दुसरीकडे कापलं होतं. फेल्ट पेन घ्या. जस्त चढवलेली हत्यारं, क्लँप, तार, तेही लांब ठेवा, त्याचं कारण हेच.

आता केबिन हीट, जी तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवली होती. केबिन हीट म्हणजे एक्झॉस्ट पाइपभोवती पत्र्याचा डबा, त्याला मफ म्हणतात, त्यातून बाहेरची हवा फिरवायची आणि केबिनमध्ये सोडायची. तुमचा श्वास आणि इंजिनचा धूर यांच्यात एक मिलीमीटर पत्रा. या इंजिनांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, फुल रिचला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्तीत जास्त असताना, धुरात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) काही टक्के असतो, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो सालाला नाँतहून कार्डिफला नेणारं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटनच्या एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेच्या तपासात सालाच्या रक्तात कार्बोक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइडने धरलेलं हिमोग्लोबिन) ५८ टक्के निघालं, पायलटवरही त्याचा परिणाम झाला असावा असा निष्कर्ष होता. आवाज करून इशारा देणारा डिटेक्टर विमानात नव्हता.

माझ्या हातातली एक केस सांगतो. मालकाची तक्रार एवढीच की थंडीत लांबच्या फ्लाइटनंतर मळमळतं, उन्हाळ्यात नाही. बाहेरून एक्झॉस्ट स्वच्छ. मफचा पत्रा सोडवला, तर आत पाइपवर एक फिकट राखाडी डाग, पिसाच्या आकाराचा, एका टोकाला बारीक आणि पुढे पसरलेला. डागाच्या बारीक टोकाशी तीन सेंटीमीटरची चीर, जिथे उष्णता वाढवायला बाहेरून छोट्या खिळ्या वेल्ड केल्या होत्या त्यातल्या दोघींच्या मधून गेलेली. सीओ ओळखणारा कार्ड डिटेक्टर पॅनलवर चिकटवलेला होता, कधीचा कालबाह्य.

त्यावरून तुमच्यासाठी: मफखालचा पाइप एकसंध हवा, आत ना जॉइंट, ना ईजीटीचं भोक, ना शक्यतो कुठला वेल्ड. खिळ्या वेल्ड करण्याऐवजी पाइपभोवती स्टेनलेसची लांब स्प्रिंग सैल गुंडाळा, हवा घुसळते, उष्णता मिळते, पाइपला जखम होत नाही. मफचा पत्रा दोन क्लँपवर असा ठेवा की पाच मिनिटांत निघेल, कारण काढायला त्रास होतो तो कुणी काढत नाही. फायरवॉलवरचा हीट व्हॉल्व्ह स्टीलचा, बंद केल्यावर गरम हवा काउलिंगमध्ये सोडून देणारा. आणि इलेक्ट्रॉनिक सीओ डिटेक्टर, आवाज करणारा, पहिल्या उड्डाणाच्या आधी. दुसऱ्या पाइपावर कार्बोरेटर हीटचा (कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा देणारा) मफ घ्या, तो पुरेसा मोठा ठेवा, प्रमाणित विमानात अशा व्हेंच्युरीवाल्या कार्बोरेटरला ७५ टक्के पॉवरवर ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ५० अंश सेल्सिअस वाढ मिळाली पाहिजे असा अमेरिकेत २०१७ पर्यंत नियम होता, घरी बांधलेल्यालाही तेच लक्ष्य धरा.

मफलर लावायचा विचार असेल तर आतले बॅफल (धूर अडवणारे पत्रे) कसे धरलेत ते बघा. ते जळून सुटतात आणि बाहेर जायच्या तोंडावर आडवे बसतात, मग टेकऑफला पॉवरच येत नाही आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात. इन्स्पेक्शनला टॉर्च लावून टेलपाइपमधून आत बघायचं आणि रबरी हातोड्याने हलकं ठोकायचं, आत काही खडखडलं तर मफलर खाली. बाकी, आवाज कमी करायला मफलरकडून फार अपेक्षा ठेवू नका, ७६ इंची प्रॉपेलरचं टोक २७०० ला सेकंदाला २७० मीटरच्या वर जातं, आवाजाचा मोठा भाग तिथूनच येतो, आरपीएम दोनशेने उतरवलात तर जास्त फरक पडेल.

टर्बोबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कधी लावलाच तर टर्बाइनला टेलपाइप धरणारा व्ही-बँड क्लँप हा सगळ्यात धोक्याचा तुकडा. तो तुटला की टेलपाइप सुटतो आणि ज्वाला थेट काउलिंगमध्ये. स्पॉट वेल्ड केलेल्या, अनेक तुकड्यांच्या क्लँपवर एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने २०२३ मध्ये ५०० तासांची आयुष्यमर्यादाच घातलीय.

टेलपाइपचं टोक पोटाला समांतर सोडू नका, खाली वळवा. समांतर सोडलं की दर पल्स पोटाच्या पत्र्यावर आपटते आणि पायाखाली ढोल वाजल्यासारखं होतं, वर पेट्रोलमधल्या शिशाचा तपकिरी-राखाडी थर चिकटतो तो वेगळाच. काउलिंगपासून किमान दोन-अडीच सेंटीमीटर मोकळं ठेवा, आणि ते हलतं हे धरून. माझी पद्धत अशी की पाइपवर मॉडेलिंग क्लेचे गोळे लावायचे, काउलिंग बसवायची, काढायची, आणि गोळा किती चपटा झाला ते मोजायचं. जिथे जागा नाही तिथे पातळ स्टेनलेसची हीट शील्ड, पाइपपासून थोडी सुटी, मध्ये हवा. पाइपवर पांढरी पट्टी, तो एक्झॉस्ट रॅप, गुंडाळू नका! तो उष्णता आतच कोंडतो, ओल धरतो, आणि चीर पडली तर ती दिसतच नाही.

ईजीटीची भोकं चारही पाइपांना फ्लँजपासून सारख्याच अंतरावर पाडा, दोन ते चार इंचांत कुठेही पण सारखी, आणि कडा नीट घासून घ्या. फ्लँजला गॅस्केट दर वेळी नवं. जुनं परत लावलं तर सुरुवातीला काही वाटत नाही, पण गळती सुरू झाली की गरम वायू हेडचं ॲल्युमिनियम खातो आणि मग दहा मिनिटांच्या कामाचं सिलिंडर काढण्याचं काम होतं. इंजिन पहिला तासभर चालून थंड झाल्यावर फ्लँजचे नट पुन्हा टॉर्क करा, गॅस्केट बसल्यामुळे थोडे सैल झालेले असतात.

सगळं बसवून झालं की व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकायच्या बाजूला लावून टेलपाइपला जोडा, फटी चिंधीने बंद करा, दुसरा टेलपाइप असेल तर तोही, आणि साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक वेल्डवर, प्रत्येक फ्लँजवर फिरवा. स्लिप जॉइंटला फेस येईल, तो चालतो. वेल्डवर एक जरी बुडबुडा वाढताना दिसला तर खडूने खूण करा, उतरवा, परत वेल्ड करा. मग पाच तास उडवा, मफ काढा, आणि पुन्हा हेच.